खोलीत नळ असलेलं हॉटेल

समुद्र बघायची हौस होती म्हणून आम्ही दीवला गेलो, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. समुद्राचं मला काडीचं कौतुक नव्हतं. चार दिवस कुणापुढं घागर घेऊन उभं राहायचं नव्हतं, एवढंच.

लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे ट्रकनं येत, ठेवायला जागा नाही म्हणून आमची कचेरी गंजगोलाईमागं एका व्यापाऱ्याच्या गोदामात भरे. दारावर नव्या जिल्ह्याची पाटी आणि टेबलावर जुन्या जिल्ह्याचे शिक्के. नव्या जागा निघाल्या त्यात मला क्लार्कची नोकरी लागली. नवरा पोस्टात होता, त्यानं नांदेडहून बदली मागून घेतली. जिल्हा आला, कलेक्टर आले, पाणी काही आलं नाही. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. नगरपालिकेच्या नळाला तोंड होतं, पण त्यातून आवाज यायचा, पाणी नाही.

आमच्या घरमालकांच्या अंगणात मात्र आड होता आणि त्याला पाणी होतं. मालकांची जमीन जवळच्या मुरुडकडं, लातुरात हे दुमजली घर, आणि नोकरी पोस्टात. माझ्या नवऱ्याचे ते मोठे बाबू. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं. शेजारच्या खोलीतली मास्तरीण स्वतः पोहरा सोडून पाणी शेंदायची. मीही पहिल्या दिवशी दोराला हात घातला, तर मालकीणबाई पदर सावरत धावतच आल्या.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या! तुमी कशाला तरास घेता बाई? मी देते की."

त्यांनी पोहरा शेंदला, माझी घागर खाली ठेवायला लावली आणि कमरेएवढ्या उंचीवरून पाणी ओतलं. पोहरा घागरीच्या काठाला लागू नये म्हणून. बरंचसं पाणी माझ्या पायांवर आणि फरशीवर. गल्लीतल्या बायका टँकरमागं पळत होत्या आणि इथं पाणी फरशीवर सांडत होतं, पण सांडलेलं चालत होतं. आमचं भाडं चालत होतं, माझा हात तेवढा चालत नव्हता. आणि हे सगळं इतक्या गोडीनं, की भांडायला कारणसुद्धा मिळू नये.

माझ्या आईचा जन्म अर्धापूरला दुसऱ्याच्या केळीच्या मळ्यात राबण्यात गेला. पाटाचं पाणी केळीला भरभरून, आणि आई बांधावर ओंजळ करून उभी, कुणी वरून ओतेल तेव्हा प्यायची. बापानं दीक्षा घेतली तेव्हा मी पाळण्यात होते. मी शिकले, सरकारी नोकरीत लागले, आणि रोज सकाळी कचेरीला जायच्या आधी आईच्याच जागी उभी राहत होते. ओंजळीऐवजी पितळेची घागर, एवढाच फरक. मला त्या आडाचा, त्या पोहऱ्याचा आणि मालकीणबाईंच्या हसऱ्या चेहऱ्याचा मनापासून राग यायचा. अजूनही येतो.

त्या वर्षी नवऱ्याला एलटीसी, म्हणजे सरकारी खर्चानं फिरायची सवलत, मिळत होती. मालकांनाही. पोस्टातला एकजण आदल्या वर्षी दीवला जाऊन आला होता आणि त्याच्या तोंडी बेटाशिवाय दुसरा विषय नव्हता. बेटावर दारू उघडी मिळते हे त्यानं सांगितल्यावर मालकांच्या मनात भारतदर्शनाची ओढ एकदम जागी झाली. फक्त त्यांना हिंदी यायची नाही. नवऱ्याची हिंदी नांदेडची, फाडफाड. तेव्हा मालकांनीच ठरवून टाकलं की दोन्ही घरांनी मिळून जायचं. नवऱ्याला नाही म्हणता आलं नाही. त्याला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही, मला सोडून.

आता उतरायचं कुठं हा प्रश्न. जाऊन आलेल्यानं दोन जागा सांगितल्या. एक, गावातलं लॉज. तिथं स्वैपाक करायची सोय, न्हाणीघर सगळ्यांना मिळून एक, आणि अंगणात आड. दुसरं, समुद्राकडेचं साधंसं दुमजली हॉटेल. खाटा कुरकुरतात म्हणाला, भिंतींचा रंग उडालाय, पण प्रत्येक खोलीत नळ.

मालकीणबाई त्याच संध्याकाळी जिन्यात भेटल्या. "लॉजच बरं बाई. घरच्यावानी हाय. आड बी हाय म्हणं. सैपाक मी करते, तुमाला बी वाढते. पाण्याचं तर तुमी बघूच नका, पाण्याचं मी बघते."

पाण्याचं मी बघते! तिथंच माझं डोकं फिरलं. म्हणजे दोन रेल्वे आणि दोन एसट्या बदलून, हाडं खिळखिळी करून, समुद्राच्या मधोमध जायचं आणि तिथंही घागर खाली ठेवून उभं राहायचं.

"आम्ही हॉटेलात उतरणार," मी म्हणाले.

"येगळं? का बाई? आमी काय खातो का तुमाला?"

"आम्हाला खोलीत नळ पाहिजे."

त्या हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून आडाचं पाणी खाली गेलं. म्हणजे माझ्यापुरतं गेलं. मास्तरीण पूर्वीसारखीच शेंदत होती. मला मात्र दोन घागरींच्या जागी एक मिळू लागली, आणि तीही गळ्याइतकीच. "काय करावं बाई, तळ दिसायलाय," असं म्हणत त्या माझ्याकडं बघायच्या. लॉजला हो म्हणाले असते तर आडाला त्याच दिवशी पाझर फुटला असता. पोस्टात मालक नवऱ्याला रोज विचारायचे, मग, लॉजच ना? नवरा घरी येऊन माझ्यावर डाफरायचा.

"चार दिवसांचा सवाल हाय. समुद्र बघायला चाललो का नळ बघायला?"

"नळ."

"लोकं हसतील."

"हसू द्या. तुम्ही रोज पोस्टात जाऊन माठातलं पाणी पिता, आपल्या हातानं घेऊन. तुम्हाला काय कळायचंय?"

त्यानं पेपर उघडून तोंडापुढं धरला. तो गप्प झाला की मला जास्त राग यायचा, कारण त्याला सगळं कळत असायचं. आमच्यात त्या दिवसांत धड बोलणं राहिलं नव्हतं. शेवटी मी म्हणाले की हॉटेल ठरवायचं काम तुमच्यानं होणार नाही, फोनवर मीच बोलते.

टेलिफोन एक्स्चेंजात नवऱ्याच्या ओळखीचा एकजण होता. त्याच्याकडून ट्रंक कॉल लावला. लाइन मिळेपर्यंत बाकावर बसून जीव गेला. अखेर दीवचा माणूस लाइनवर आला, आवाज विहिरीतून यावा तसा. मी ओरडून विचारलं, "कमरे में नल है क्या?"

"है, बहनजी."

"उसमें पानी आता है क्या? सच में आता है? चौबीस घंटे?"

तो हसायला लागला. "पानी ही पानी है बहनजी, चारों तरफ पानी है!"

मी दोनदा खात्री करून घेतली. खोलीचं भाडं विचारायचं राहिलं, समुद्र दिसतो का हे विचारायचं राहिलं. खोली पक्की केली आणि बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. मालकांसाठी त्यानं लॉज पक्कं केलं. मालकीणबाईंनी निघेपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं, घागर मात्र उंचावरून भरत राहिल्या.

प्रवासाचं सांगत नाही. बायकांच्या डब्यात मालकीणबाई एका टोकाला, मी दुसऱ्या. त्यांची फिरकीची तांब्याची लोटी त्यांच्या मांडीवर, माझी प्लास्टिकची बाटली माझ्या. खाडी ओलांडून बेटावर आलो तेव्हा सगळे समुद्र समुद्र करत होते. ते दोघं लॉजकडं गेले, आम्ही हॉटेलकडं. मी खोलीत शिरले, चप्पलसुद्धा न काढता न्हाणीत गेले आणि नळ सोडला.

धो धो पाणी. मी बादली भरली. मग टमरेल भरलं, तांब्या भरला, आणलेला डबा रिकामा करून भरला, नवऱ्याच्या दाढीचा मगसुद्धा भरला. लातूरची सवय, नळाला पाणी दिसलं की हात थांबत नाही. नवरा दारात उभा राहून हसत होता आणि मला रडू येत होतं, ते मी त्याला दिसू दिलं नाही. मग ओंजळ भरून मोठा घोट घेतला.

खारट! नुसतं खारट, थू करून टाकण्यासारखं.

मी आयुष्यात फोनवर इतका पक्का सवाल कुणाला विचारला नव्हता, आणि एकच गोष्ट विचारायची राहून गेली होती. आमच्याकडं पाणी आहे की नाही एवढंच विचारतात. गोड आहे का, हे विचारायचं आम्हाला सुचतच नाही. मी तणतणत खाली गेले. हॉटेलवाला म्हातारा शांतपणे म्हणाला, "नल का तो नहाने का है बहनजी. मीठा पानी बाहर से आता है. वो देखिए, जितना चाहिए लीजिए."

व्हरांड्यात रांजण होता, माणूस बसेल एवढा. त्यावर लाकडी झाकण आणि साखळीला बांधलेलं ओगराळं. गुजराती कुटुंब होतं, ट्रकवाले होते, एक गोरा पोरगा होता अर्ध्या चड्डीतला. जो येई तो झाकण सरकवी, ओगराळं बुडवी, पिई आणि जाई. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मी ओगराळं बुडवलं आणि प्यायले. तहान नव्हती तरी थोड्या वेळानं परत गेले. नवरा समुद्रावर चला म्हणून मागं लागला होता, आणि मी रांजणाशेजारच्या बाकावर बसून होते. मला लई बरं वाटत होतं, उगाच कशाला लपवू?

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाई आल्या. हातात तांब्याची लोटी, ओठ सुकलेले. लॉजच्या आडाचं पाणीही खारं निघालं होतं. त्यांनीही आमच्यासारखंच केलं होतं, आड आहे ऐकलं आणि खूश झाल्या होत्या. चहा फाटला, डाळ शिजेना, मालक तर काल संध्याकाळपासून पाणी सोडून दुसरंच पिऊन पडले होते.

त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि लोटी पुढं केली. "द्या बाई थोडं."

मी जागची हलले नाही. "घ्या की. ओगराळं तिथंच आहे."

त्यांनी ओगराळ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. "तुमी बी ह्येच्यातूनच?"

"हाव. सकाळपासून किती वेळा घेतलं, मोजलं नाही."

त्या उभ्या राहिल्या. किती तहान लागली असेल ते त्यांच्या गळ्यावर दिसत होतं. ट्रकवाला मागं खोळंबला होता, "जल्दी करो माताजी" म्हणाला. तेव्हा त्यांनी डोळे मिटल्यासारखं केलं, ओगराळं बुडवलं, लोटी भरली आणि तिथंच उभ्यानं घटाघटा प्यायल्या. तोंड पुसत म्हणाल्या, "हाटेलाचं पाणी हाय. त्येला काय होतंय?"

मग रोज सकाळ-संध्याकाळ यायला लागल्या. माझ्या शेजारी बाकावर टेकायच्या, मुरुडच्या गोष्टी सांगायच्या. एकदा त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या तर मीच ओगराळ्यानं त्यांची लोटी भरून दिली, काठाला लावून. पिशव्या खाली ठेवून त्या तेच प्यायल्या. मला वाटलं, सुटला प्रश्न. चार दिवसांचा रांजण एवढ्या वर्षांचं काम करून गेला, असं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा. नवरा म्हणाला, बघू.

लातूरला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन घागरी घेऊन खाली उतरले. मालकीणबाई आडावरच होत्या. हसल्या. माझ्या अंगावरच्या नव्या साडीचं कौतुक केलं. पोहरा वर ओढला आणि म्हणाल्या, "ठिवा घागर खाली."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. "मालकीणबाई, दीवला आपण एकाच रांजणातलं प्यायलो."

"ते तिकडलं तिकडं बाई," त्या म्हणाल्या. अगदी प्रेमानं म्हणाल्या. आणि कमरेएवढ्या उंचीवरून पाणी ओतलं. माझे पाय भिजले.

मी घागर उपडी केली. त्यांचं सगळं पाणी फरशीवर गेलं. मग पुढं होऊन त्यांच्या हातातून दोर घेतला आणि पोहरा आडात सोडला. खाली पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. भरपूर पाणी होतं, तळबिळ काही दिसत नव्हता.

"ओ बाई! काय करायलाव?"

"पाणी शेंदायले."

त्यांचा आरडाओरडा ऐकून मास्तरीण बाहेर आली आणि दारातच थांबली. वरून नवरा कठड्याशी आला. मी त्याच्याकडं बघितलं, आता वर बोलावतो की काय म्हणून. तो जिना उतरून आला आणि दुसरी घागर माझ्याजवळ सरकवून ठेवली. मालक दात घासता घासता अंगणात आले, तोंडातली राख थुंकली आणि नवऱ्याला म्हणाले, "महिनाअखेर खोली खाली करा."

पहिली घागर भरली होती. मी पोहरा परत आत सोडला. दुसरी काठोकाठ भरेपर्यंत मी हातातला दोर सोडला नाही.