युक्ती नंबर अठ्ठेचाळीस

युक्तीबाईंना राग आला की आधी कान लाल होतात, मग चष्मा काढला जातो, आणि त्यानंतर समोर जो कोणी असेल त्याचं काही खरं नसतं. त्या सोमवारी चष्मा टेबलावर असा आपटला की त्याची एक काडीच निघून आली. समोर होता बिचारा प्लेटवाला. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने मोबाइलवरची एक बातमी मोठ्याने वाचली होती.

छपाईच्या प्लेटा बनवणाऱ्या या गड्याला रोज सकाळी तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचून दाखवायची खोड. कुठल्या कंपनीने कुणाला गिळलं, कुणी एका झटक्यात किती माणसं घरी बसवली, कुठलं सॉफ्टवेअर आता फक्त महिन्याच्या भाड्यानेच मिळणार. बाई स्क्रीनला नाक लावून फाइल तपासत ऐकायच्या आणि मधूनच "मेले ते!" म्हणायच्या. बावीस वर्षं त्यांचं कामच ते होतं. खोका असो की लेबल, छपाईला जाण्याआधी त्याची फाइल बाईंच्या डोळ्यांखालून जायची, आणि चूक असली तर तिथेच धरली जायची.

पण बाईंना युक्तीबाई हे नाव पडलं ते मासिकामुळे. छपाईवाल्यांच्या एका मासिकात शेवटच्या पानावर त्यांनी एकोणीस वर्षं डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या युक्त्या लिहिल्या. दर महिन्याला एक, नंबर घालून. प्रत्येकीची सुरुवात ठरलेली: "आधी कॉपी ठेवा, मग शहाणपणा करा." गावोगावचे छपाईवाले फोनवर "नमस्कार" म्हणायच्या ऐवजी हेच वाक्य म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी मासिक बंद पडलं. संपादकांनी जुने अंक इंटरनेटवर टाकले आणि हात झटकले.

तर त्या सोमवारची बातमी अशी, की डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बड्या कंपनीने त्यात एक मदतनीस बसवला आहे. माणूस नव्हे, यंत्रच. मराठीत विचारा, मराठीत सांगतो. प्लेटवाल्याने लगेच विचारून पाहिलं, फोटोची कडा मऊ कशी करायची? उत्तर आलं, "आधी कॉपी ठेवा, मग शहाणपणा करा. कडा मऊ करताना आकडा तीनच्या वर नेऊ नका, नाहीतर माणूस नुकताच नदीतून काढल्यासारखा दिसतो."

"हे माझं आहे!" बाई ओरडल्या.

"अहो, मग चांगलंच की! बाई फेमस झाल्या."

इथे चष्मा आपटला. "फेमस? नाव कुठाय माझं? दाखव. वर बघ, खाली बघ, आहे कुठे? एकोणीस वर्षं रविवार घालवले रे मी! एकेक युक्ती चार-चार वेळा करून बघितली, मग लिहिली. आणि हे लेकाचे न विचारता, न सांगता उचलून घेऊन गेले, आणि वर आमचा मदतनीस म्हणून मिरवतात? माझी जीभ कापून त्याच्या तोंडात बसवलीय!"

मग अचानक त्यांना आठवली ती युक्ती नंबर अठ्ठेचाळीस.

प्लेटवाल्याला बाजूला सारून त्यांनी स्वतः टाइप केलं: काळ्या अक्षरांभोवती पांढरी रेघ दिसते, काय करू? उत्तर आलं, "आधी कॉपी ठेवा, मग शहाणपणा करा. सगळी अक्षरं निवडा आणि ओव्हरप्रिंट लावा." शब्द न शब्द त्यांचा. चूकसुद्धा त्यांचीच.

ओव्हरप्रिंट म्हणजे खालचा रंग तसाच ठेवून त्याच्यावरच अक्षराची शाई चढवायची. काळ्या अक्षरांना ते उत्तम. पण छपाईत पांढरी शाई नसते. पांढरं अक्षर म्हणजे रंग न लागलेला कोरा कागद. त्याला ओव्हरप्रिंट लावलं की खालचा रंग त्या जागेतही भरतो आणि अक्षर गडप होतं. स्क्रीनवर मात्र ठणठणीत दिसत राहतं. सतरा वर्षांपूर्वी वडील दवाखान्यात होते, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून बाईंनी ती युक्ती घाईघाईत लिहिली आणि "फक्त काळी" हे लिहायचंच राहिलं. पुढच्याच अंकात त्यांनी चौकट टाकून माफी मागितली होती: चूक माझी, पांढऱ्या अक्षरांना हात लावू नका. या यंत्राने चूक बरोबर उचलली आणि माफी तिथेच टाकून दिली.

मंगळवारी दुपारी घरी बसून त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. चांगलं तीन पानी, एकही शब्द न चावता. लिहिताना फोन तीनदा वाजला. तिन्ही वेळा धाकट्या भावाचं नाव. दोन गल्ल्या पलीकडे त्याचा छोटा छापखाना होता, पण चौदा महिने बाई त्याच्याशी बोलत नव्हत्या. चार गिऱ्हाइकांसमोर तो हसत हसत म्हणाला होता, "ताईला आता कोण विचारतं? नेटवर सगळं फुकट मिळतं." त्याला ती गंमत वाटली होती. बाईंना ती काळजाला लागली होती. "आता बरी आठवली ताई!" असं पुटपुटत त्यांनी फोन पालथा घातला आणि पत्र पुढे लिहीत बसल्या.

गुरुवारी कंपनीचं उत्तर आलं. दोन ओळी. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आपला दिवस आनंदात जावो.

"आनंदात!" बाईंनी ते उत्तर कागदावर छापून काढलं, केवळ फाडता यावं म्हणून.

शुक्रवारी दुपारी दोनला भावजय बाईंच्या छापखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक, हातात एक लेबल. "ताई, मला काय बोलायचं ते नंतर बोला. आधी हे बघा."

फरशी धुवायच्या ॲसिडचं लेबल होतं. वर संत्र्याचं चित्र, कारण आतलं पाणीही नारिंगी आणि वासही संत्र्याचा. खाली लाल पट्टा. आणि पट्टा कोराकरकरीत.

"इथे काय होतं?" बाईंनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

"विषारी आहे, पिऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये. पांढऱ्या अक्षरांत. कॉम्प्युटरवर अजून दिसतंय हो, देवाशप्पथ!"

"बाटल्या कुठेत?"

"लेबलं लागली सगळ्यांना. चार वाजता गाडी निघतेय. हे सकाळपासून ॲसिडवाल्यांच्या मॅनेजरच्या विनवण्या करतायत, तो म्हणतो सोमवारी बघू."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावजयीच्या हातातला फोन त्यांनी जवळजवळ हिसकावला आणि मॅनेजरला लावला. तो मोठ्या गोडीने म्हणाला, "अहो बाई, लेबल छान आलंय. आम्हाला पसंत आहे."

"तुमची पसंती घाला चुलीत! संत्र्याचा रस समजून एखादं पोर तोंडाला लावेल ती बाटली. गाडी जागेवरून हलली, तर एकेका दुकानात जाऊन मी सांगेन की यात विष आहे आणि ते यांना ठाऊक होतं. माझं नाव, माझा छापखाना, सगळं लिहून घ्या. मी बावीस वर्षं हेच करतेय, आणि मला कंटाळा येत नाही!"

मग मॅनेजर म्हणाला, गाडी थांबवतो, पण नवी लेबलं उद्या सकाळी हवीत.

चौदा महिन्यांनी बाई भावाच्या छापखान्याची पायरी चढल्या. तो मशीनशेजारच्या स्टुलावर डोकं धरून बसला होता. बहिणीला बघून उठला, आणि बाईंनी त्याला तोंड उघडू दिलं नाही. "अक्कल गहाण ठेवलीस का रे? विषाच्या बाटलीचं लेबल, आणि यंत्राला विचारून करतोस? शेवटचं प्रूफ कागदावर काढून बघायला हात मोडले होते? लहान पोरांच्या जिवाशी खेळ झाला असता, कळतंय का? आणि मी काय मेले होते?"

धाकट्याने ऐकून घेतलं. मग स्क्रीन ताईकडे वळवली. मंगळवारचा सवाल, काळ्या अक्षरांभोवतीच्या पांढऱ्या रेघेचा, आणि खाली जबाब. आधी कॉपी ठेवा, मग शहाणपणा करा.

"हे वाचलं आणि वाटलं, तूच सांगतेयस," तो म्हणाला. "म्हणून पुढचं तपासलं नाही. तुझं सांगितलेलं मी कधी तपासलंय, ताई?"

बाईंचा आवाज चढलेलाच होता. "मग मला विचारायचंस ना, मला!"

"विचारायलाच फोन केला होता. तीनदा. तू उचलला नाहीस. याने लगेच सांगितलं, आणि तुझ्याच शब्दांत सांगितलं."

बाईंनी पिशवीतून फोन काढला. मंगळवारचे तीन लाल बाण तसेच होते, ओळीने, चार-चार मिनिटांच्या अंतराने. त्या बघत राहिल्या. ओरडायला बरंच काही होतं, कंपनीवर, मॅनेजरवर, या गाढवावर, पण फोन पालथा घातला होता तो त्यांनीच. भावजयीने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी नुसता हातात धरून ठेवला.

मग ग्लास खाली ठेवून चष्मा पुसला. एका बाजूची काडी दोऱ्याने बांधलेली होती.

"सरक," त्या म्हणाल्या आणि त्याच्या खुर्चीत बसल्या. "कॉपी ठेवलीस?"

"ठेवलीय, ताई."