बाई आणि रश्शाचा प्रश्न

बाईंनी कुणाचं कौतुक केलेलं मी कधी पाहिलं नाही. फारच खूश झाल्या तर "चालेल" म्हणायच्या. प्रयोगशाळेत यायला जरा उशीर झाला, की माझ्या 'तू'चं 'आपण' व्हायचं. "आपण उगवलात? बरं झालं." भंडाऱ्याहून पुण्यात बाईंच्या हाताखाली पीएच.डी.ला आलेल्या मला सुरुवातीला वाटायचं, या बाईंचा आपल्यावर राग आहे. मग कळलं, बंद पडलेल्या लिफ्टशीही त्या असंच बोलतात.

आमचं काम सांगायला सोपं होतं. ज्यांच्यातून पुढे शरीराच्या वेगवेगळ्या पेशी घडतात त्या मूळपेशी, आणि त्यांच्यापासून तयार झालेल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी. यांतली कोणती कुठली, हे नुसत्या प्रकाशानं ओळखायचं. पेशीवर लेसर सोडायचा. परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, त्या बदलाचा आलेख निघतो. पेशीला रंग लावून ओळखायच्या जुन्या पद्धतीवर बाईंचा भारी राग. "ओळख पटली आणि जीव गेला, तर काय उपयोग? ही पेशी उद्या कुणाच्या तरी पायात घालायची आहे." रक्तपुरवठा बंद पडून त्यांच्या आईचा पाय कापावा लागला होता. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही डबा खाताना, आणि लगेच लोणचं पुढे केलं.

पेशी ज्या लालसर पोषक द्रवात वाढतात त्याला बाई 'रस्सा' म्हणायच्या. "बाई, आमच्याकडे याला तर्री म्हणतात," मी म्हणायची. "तुमच्याकडे पाण्यालासुद्धा तर्री म्हणत असतील," बाई सूक्ष्मदर्शकातून डोकं न काढता सांगायच्या.

शेवटच्या वर्षी आमचे आलेख असे काही निघाले, की आंधळ्यानंही फरक सांगावा! शोधनिबंध पाठवून झाला होता. मला तर घाईच होती. बाबांनी बजावलं होतं, पदवी होवो न होवो, मे महिन्यात लग्न. मुलाकडची मंडळी थांबायला तयार नव्हती. प्रबंध त्याआधी झाला तर झाला, नाहीतर सगळं तिथंच सोडून जायचं. मी आनंदानं पेढे आणले. बाईंनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"या दोघींना जेवायला काय घालतेस?"

"मूळपेशींना एक रस्सा, रक्तवाहिनीवाल्यांना दुसरा. तो जरा स्निग्ध असतो. सगळे तसंच करतात, बाई. तुम्हीच ठरवून दिलंय."

"खाल्लेलं अंगावर दिसतंच ना? मग तू पेशी ओळखलीस की रस्सा ओळखलास?"

म्हणजे आलेखातला फरक पेशींचा नसून नुसत्या रश्शाचाही असू शकत होता. मी रडायला लागले. बाई म्हणाल्या, "रडू नकोस. पद्धत मी ठरवली, चूक माझी." त्याच दुपारी त्यांनी शोधनिबंध मागे घेतला. आता दोघींना एकाच रश्शावर ठेवून सगळं पहिल्यापासून करायचं होतं. मी म्हटलं, "बाई, मला मे महिन्यापर्यंतच वेळ आहे." कारण सांगितलं. त्यांनी बाबांचा नंबर मागितला आणि माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

"नमस्कार. मी तुमच्या मुलीची मार्गदर्शक. चूक माझ्या हातून झाली आहे, तिच्या नाही. ती निस्तरायला मला तिचं एक वर्ष हवंय. आपण नाही म्हणालात तरी मला राग नाही. पण माझ्या चुकीची शिक्षा तिला होईल, आणि ते मला झेपणार नाही."

बाबा म्हणाले, "तुम्ही एवढं म्हणता मॅडम, तर ठेवा जी तिला." मुलाकडच्यांना नकार गेला. त्यासाठी तर मी बाईंची जन्माची ऋणी आहे. मुलगा काही खास नव्हता!

ते वर्ष कष्टाचं गेलं. नव्या रश्शावर रक्तवाहिनीच्या पेशी रुसल्या, मेल्या, मग हळूहळू रुळल्या. निवृत्तीला आलेल्या बाई रविवारी धायरीहून स्कूटरवर यायच्या, पेशींना खाऊ घालायला. फरक उरला, पण थोडासा, निरखून पाहावा लागे असा. बाईंनी पेशींच्या बश्यांवरची नावं झाकली आणि मी नुसत्या आलेखावरून जवळजवळ सगळ्या पेशी बरोबर ओळखल्या.

"चालेल," बाई म्हणाल्या. मी परत रडले. "आता काय झालं?" त्यांनी विचारलं.

बाई आता धायरीला घरी असतात. मी इथंच पुण्यात शिकवते. परवा माझी विद्यार्थिनी असाच एक देखणा आलेख घेऊन आली आणि माझ्या तोंडून आपोआप बाईंचा प्रश्न निघाला. पोरीचा चेहरा पार उतरला. संध्याकाळी मी प्रयोगशाळेतूनच मोठ्या अभिमानानं बाईंना फोन केला. "बाई, आज मी तुमचा रश्शाचा प्रश्न विचारला!"

"प्रश्न काय, कुणीही विचारेल," बाई म्हणाल्या. "पद्धत कुणी ठरवून दिली होती?"

"मीच."

"मग तिच्या घरी फोन केलास का?"

मी म्हटलं, "ठेवते, बाई." आणि पोरीला हाक मारली, "अगं, तुझ्या आईचा नंबर दे बघू."