ठिगळाचा डावा पाय

फुटबॉलच्या टीममध्ये त्याला सगळे ठिगळ म्हणत. नाव कोचनं ठेवलेलं. मूळचा तो डावा विंगर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेनं चढाई करणारा, पण उजवीकडचा कोणी लंगडला की हा उजवीकडे, बचावातला कोणी तापानं पडला की हा बचावात. जिथं फाटेल तिथं लावायचा आणि नवा माणूस आला की उसवायचा.

सरावाच्या दिवशी तर आणखी कमाल. पुढच्या मॅचमध्ये समोर जो भारी खेळाडू असेल, त्याची नक्कल यानं करायची. त्याच्यासारखं पळायचं, तो ज्या पायानं मारतो त्याच पायानं मारायचं आणि बाकीच्यांनी याला अडवून शिकायचं. किती जणांची सोंगं आणली बिचाऱ्यानं! स्वतःचा खेळ मात्र सराव संपल्यावरच, तोही मेहुण्यासमोर. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच टीमचा गोलकीपर. बाकीचे आंघोळीला गेले की हा डाव्या पायानं फटके मारायचा आणि मेहुणा शिव्या देत अडवायचा.

मग एका सकाळी, हा बूट बांधत बसलेला असताना, कोचनं दारातूनच सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस. सगळीकडे चालतो तो कुठलाच नसतो."

हे वाक्य त्याच्या घशात काट्यासारखं रुतून बसलं. दुसऱ्या क्लबनं त्याला घेतलं, हक्काची डावी विंग दिली, पण याचं चित्त एकाच गोष्टीवर. त्या माणसाला घरी बसवायचं, बस्स.

आणि योग तरी कसा! लीगची शेवटची मॅच जुन्या टीमशीच. त्यांनी बरोबरी साधली तर ते टिकणार, हरले तर खालच्या लीगमध्ये जाणार आणि कोचची गच्छंती. आदल्या दिवशी बायको म्हणाली की माझ्या भावाचंही पोट त्याच टीमवर आहे, जरा विचार करा. यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिकडे कोचची पंचाईत झाली. सरावात ठिगळाची नक्कल करायला माणूसच नाही! सगळ्यांच्या नकला करणारा तर समोरच्या टीममध्ये. शेवटी त्यानं आठवून सांगितलं की हा उजव्या पायाचा, आत वळून मारतो, तेव्हा आतली वाट बंद करा. अहो, सरावात यानं केलेली कुणा भलत्याचीच नक्कल त्याच्या लक्षात राहिलेली!

मॅच संपत आली तरी गोल नव्हता. चेंडू ठिगळाकडे आला. अडवणारा आतल्या बाजूला दबा धरून उभा. बाहेरची वाट सताड उघडी. हा रेषेच्या कडेकडेनं पळाला आणि अवघड कोनातून डाव्या पायानं सणसणीत फटका हाणला. मेहुण्यानं तो ओळखला, झेपही अचूक घेतली. बोटं लागली, पण चेंडू जाळ्यात गेलाच.

शिट्टी झाल्यावर कोच मेहुण्याच्या अंगावर धावून आला. याला डावा पाय कधीपासून, म्हणाला.

"पहिल्यापासून," मेहुणा म्हणाला. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

ठिगळ मुद्दाम तिथं गेला. कोचच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "ठिगळ उसवलंत ना? मग भोक दिसणारच."

काय गार वाटलं त्याला! खोटं कशाला बोला, सूड गोडच लागतो. आठवड्याभरात कोच घरी बसला. त्याच्यापाठोपाठ मेहुणाही.

मेहुणा मुक्कामाला आला त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसले. बायकोनं भावाला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. ठिगळ रिकामं ताट पुढ्यात घेऊन तिच्याकडे बघत राहिला.

"बघताय काय?" ती म्हणाली. "तुमचं तुम्ही घ्या. तुम्हाला सगळं जमतं."