बोटभर आखूड वात

साक्रीकडच्या डोंगरगावांत निंबा आबांनी फोडलेल्या विहिरी शंभराच्या आत नसतील. काळ्या खडकाला भोकं पाडायची, सुरुंग भरायचा, वात पेटवायची आणि बांधाआड बसून कान द्यायचा, यातच त्यांचं आयुष्य गेलं.

दोन वर्षांपूर्वी गावाकाठच्या विहिरीत त्यांचा बार उडाला आणि मंजुळाबाईंच्या भिंतीला आढ्यापासून जोत्यापर्यंत तडा गेला. "माझ्या बारानं आजवर कुणाचं मडकंसुद्धा फुटलं नाही," आबा म्हणाले. मंजुळाबाईंनी बोलणं टाकलं. आबांनी सुरुंगाचं काम सोडलं. तडा काही मनातून जाईना.

यंदा धुळ्याहून भूकंपाचा अभ्यास करणारी रूपाली आली. शाळेच्या आवारात तीन वर्षं पुरून ठेवलेल्या भूकंपमापकाच्या नोंदी तिनं संगणकाकडून तपासून घेतल्या होत्या.

"याला डीप लर्निंग म्हणतात, आबा. हजारो नमुने दाखवले की फरक ते स्वतःच शिकतं. खाणीतल्या सुरुंगाचा पहिलाच धक्का मोठा. भूकंपाचा आधी लहान, मग मोठा. अशा बारीक भूकंपांचे ठिपके नकाशावर मांडले की जमिनीखालची भेग कुठून जाते ते कळतं."

तिच्या यादीत भिंतीला तडा गेला त्या दुपारचा धक्काही होता. पुढं लिहिलं होतं: भूकंप.

बातमी गावभर झाली. संध्याकाळी मंजुळाबाई माफी मागायला दारात. "आबा, बठ्ठा गावनी तुमले उगाच बोल लाया. माले माफ करा."

आबांना हायसं वाटलं. पण जेवताना घास हातातच राहिला. तो भूकंप, तर मग आपला बार कुठं गेला?

सकाळी ते जुनी वही घेऊन शाळेत गेले. "पोरी, त्या दिवशी दोन धक्के असायला हवेत. मी चार दहाला बार उडवला."

रूपालीनं वही पाहिली, मग नोंदी चाळल्या. "आबा, त्या दुपारी एकच आहे. चार दहाचाच."

"दाखव बरं."

पडद्यावर रेघ आली. एक लहान उसळी, दोन सेकंद शांत, मग मोठी उसळी. आबा वाकून बघत राहिले. स्वतःचंच अक्षर ओळखावं तशी त्यांना ती रेघ ओळखू आली.

"खाणवाले वीज जोडून सगळं एकदम उडवतात. मी मधल्या भोकाची वात बोटभर आखूड ठेवायचो. मधला खडक आधी सुटतो, मग बाकीच्याला जागा होते. तुझं यंत्र फसलं. हा मीच."

रूपाली हळूच म्हणाली, "गावाला पटलंय आबा. तुम्ही बोलला नसता तर..."

"तर तुझा ठिपका कुठं पडला असता?"

"गावाखाली. भेगच इथून जाते असं वाटलं असतं."

"मग खोड तो. आणि तुझ्या यंत्राला माझी वात शिकव. अजून कुणी जुना माणूस अशीच ठेवत असेल."

परत येताना त्यांनी दुकानातून सिमेंट घेतलं. घमेलं आणि थापी घेऊन ते मंजुळाबाईंच्या ओसरीवर उभे राहिले.

"हाई काय, आबा? तो भूकंप व्हता ना?"

"नही, बाई," आबा म्हणाले. "मीच व्हतू."

मंजुळाबाई आत गेल्या. सिमेंट कालवायला पाण्याची बादली घेऊन आल्या आणि घमेल्याशेजारी ठेवली.