सूततोड्या

टेकपिंपरीत म्हाळूला म्हाळू म्हणणारं एकच माणूस होतं, त्याची माय बायनाबाई. तीही भाकर झाल्यावर जेवायला हाक मारताना तेवढं म्हणायची. बाकी दिवसभर ती गावाला शिव्या घालण्यात गुंतलेली. गाव त्याला सूततोड्या म्हणे. पोरं म्हणत, बाया म्हणत, पाटोद्याच्या बाजारातला तेली म्हणे. नाव कशावरून पडलं हे ज्यांना ठाऊक नव्हतं तेही म्हणत, आणि म्हणून झालं की थुंकत. थुंकायला काय जातंय लोकांचं.

पटकीच्या साली लिंबागणेश गावाकडून रोगराई सरकत येतेय अशी आवई उठली, तेव्हा टेकपिंपरीनं गाव बांधलं. म्हणजे सवाष्णींनी कच्चं सूत कातायचं, हळदीत बुडवायचं आणि झाडाझुडपांना, दगडांना गुंडाळत सगळ्या शिवेवरून एकसलग फिरवायचं. मग पुढच्या मंगळवारपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आत यायचं नाही. सूत अखंड तर गाव अखंड. सूत तुटलं की मरीआईला दार उघडं. असं सगळे मानत होते, आणि म्हाळूही मानत होता, हे ध्यानात ठेवा.

म्हाळू तेव्हा मुंजाजी पाटलाचा सालगडी. नांगराला बेतास बात, पण पायाला त्याच्यासारखा गडी पंचक्रोशीत नव्हता. दुसऱ्याला बैलगाडीनं दिवस मोडायचा तिथं हा ऊन चढायच्या आत जाऊन यायचा. पाटलाची लेक लिंबागणेशला दिलेली. गाव बांधलं त्याच दिवशी, अंधार पडल्यावर पाटलानं म्हाळूला गोठ्यात बोलावलं आणि म्हणाला, "पोरीचा जीव कसा हाय ते बघून ये. कुनाला कळू देऊ नको."

धन्याचा हुकूम. म्हाळू सुटला. ओढ्याच्या वळणावर, शिवेच्या दगडापाशी, न दिसलेलं सूत छातीला लागलं आणि तुटलं. परत येताना त्यानं चाचपडून दोन्ही टोकं शोधली आणि गाठ मारली. लबाड असता तर तसाच निघून गेला असता. हा पडला इमानदार, आणि त्या गाठीनंच त्याचा घात केला.

पाटलाची लेक धडधाकट होती. पण पटकी टेकपिंपरीत आलीच. पहिला म्हाळूचा बाप गेला. मग रामहरीची दोन्ही लेकरं गेली. मग तिरड्या बांधायला बांबू पुरेना. कुणीतरी शिवेवर गाठ बघितली आणि चावडीवर बोलावणं झालं.

"गाठ माझी," म्हाळू म्हणाला. "पाटलानं धाडलंतं मला. म्हनून गेलतो."

सगळ्यांनी पाटलाकडं बघितलं. पाटलानं पान चघळणं थांबवलं नाही. "म्या कावून धाडू?" तो म्हणाला. "गाव बांधा म्हनून म्याच सांगितलंतं की."

झालं. बापाचं सुतकही न फिटलेल्या पोराला आणि त्याच्या मायला गावानं ओढ्यापल्याड हाकललं. विहीर बंद, दळण बंद, मारुतीच्या बोळातलं घर बंद. त्या घरात पुढं रामहरीनं कडबा भरला. कुणी नको म्हटलं नाही. बायनाबाई ओढ्यात झिरा खणून गढूळ पाणी भरायची आणि पल्याड आपल्या घराचं मातीचं धाबं दिसेल अशी बसायची. "ज्या घरात नवरी म्हनून आले तितूनच माझं मढं निघंल," ती म्हणायची, "हितून न्हाई निघायची मी. हितं मेले तर भूत होऊन बसंन पाटलाच्या उरावर." म्हाळू व्यापाऱ्यांचे निरोप घेऊन पाटोदा, केज, बीड पळायचा आणि पोट भरायचा. पळताना मनात एकच असायचं. पाटलाच्या तोंडून एकदा खरं वदवायचं. कसं, ते कळत नव्हतं. वर्षं चालली होती, माय वाकत चालली होती, आणि राग मात्र होता तसाच होता.

अशात एका साली वरून हुकूम सुटला की बीडला जिल्ह्याचे खेळ भरवायचे. कुस्त्या, रस्सीखेच, लांब उडी, गोळाफेक, आणि सगळ्यांत शेवटी मोठी दौड. दर तालुक्यानं आपापले गडी आणायचे. पाटोद्याच्या तहसीलदारासमोर पाटलांची बैठक बसली. तिथं पाहुणा म्हणून आलेल्या केजच्या विठ्ठलराव देशमुखाची बढाई ऐकून आमच्या मुंजाजी पाटलाला राहवलं नाही. "दौड आमची," तो बोलून बसला. "आमच्या गावात असा गडी हाय की घोड्यानं बाजूला व्हावं." तहसीलदार म्हणाला, बहोत खूब, आणा. आता आणतो कुठून? असा गडी एकच, आणि तो ओढ्यापल्याड.

पाटील स्वतः आला. खोपटासमोर उभा राहिला. म्हाळू दोर वळत बसला होता. तो उठला नाही.

"बीडला पळायचंय," पाटील म्हणाला. "पहिला आलास तर तुज्या मायला घरात घेतो. गावाच्या वतीनं शब्द देतो."

"दुसरा आलो तर?"

"तर हितंच कुजा दोघं."

म्हाळूनं दोर बाजूला ठेवला. "पळतो की. पन तुमी चावडीवर एवढंच बोला, म्हाळूला म्याच धाडलंतं."

"त्ये न्हाई." पाटलाची नजर ढळली. "झालं गेलं उकरू नको. पळ, जिंक, मायला घेऊन जा. तुला लईच माज हाय बे."

आतून बायनाबाईचा आवाज आला. "पाटलाला बस म्हनावं. पानी देते. झिऱ्याचं हाय, आमी रोज पितो त्येच."

पाटील बसला नाही. पाण्याला हातही लावला नाही. तो ओढा ओलांडेपर्यंत बायनाबाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मग पोराकडं वळून म्हणाली, "जा. त्याच्यासाठी न्हाई, माझ्यासाठी पळ. मला माझ्या चुलीपाशी मरू दे."

बीडला बिंदुसरा नदीच्या काठच्या मैदानात मांडव पडला होता. मधल्या शामियान्यात अव्वल तालुकदार साहेब, जिल्ह्याचे मालकच म्हणा, आणि बाजूला तहसीलदार, देशमुख, पाटील मंडळी. टेकपिंपरीचं निम्मं गाव गाड्या जुंपून आलं होतं. सूततोड्या आपल्याकडून पळणार म्हणून आले, पण येताना त्याला गाडीत घेतलं नाही. तो पायीच आला. कुस्त्या झाल्या, गोळा फेकून झाला, उड्या मारणाऱ्यांनी वाळू उडवली. मग दौडवाल्यांना एका ओळीत उभं करून कसरतीचे मास्तर वाहेदमिया नियम सांगू लागले. खंडेश्वरीच्या देवळातल्या दीपमाळेला वळसा घालून परत इथंच यायचं. इथं दोन शिपाई छातीच्या उंचीवर कच्चं सूत धरून उभे राहतील.

"जो सूत तोडेल तो पहिला," वाहेदमिया म्हणाले. "हातानं न्हाई. छातीनं."

म्हाळूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तेवढ्यात शामियान्यातून मुंजाजी पाटील मोठ्यानं हसला आणि तहसीलदाराला ऐकू जाईल असा म्हणाला, "सूत तोडायचं असंल तर मग काळजीच न्हाई साहेब. आमच्या गड्याचा त्योच धंदा हाय."

टेकपिंपरीवाले खो खो हसले. रामहरी एकटा हसला नाही. तो खाली बघत होता.

ज्याच्या तोंडामुळं बापाच्या सुतकात माणूस घराबाहेर पडला, त्याच तोंडानं ही थट्टा करावी! म्हाळूला वाटलं, इथंच जाऊन नरडं धरावं. पण वाहेदमियांनी "होशियार" म्हटलं, रुमाल खाली पडला, आणि पाय आपोआप सुटले.

पळण्याचं काय सांगायचं? रागानं पळणारा माणूस दमत नाही. दीपमाळेपाशी गेवराईचा गडी मागं पडला, पुढं आष्टीवाला पोटात कळ येऊन बसला. राहिला केजचा कय्युम, टांगेवाल्याचा पोरगा, उंच आणि चिवट. नदीच्या उतारावर म्हाळूनं त्यालाही मागं टाकलं. मैदानात शिरला तेव्हा त्याच्यापुढं मोकळी जमीन होती, आणि तिच्या टोकाला ते सूत.

पांढरं, कच्चं, वाऱ्यानं थरथरणारं. पलीकडं मायचं घर होतं. दोन ढांगांत पोचला असता.

म्हाळू सुतापाशी येऊन उभा राहिला. छातीला लागेल इतक्या जवळ. पण लागू दिलं नाही.

मग गलका उठला. टेकपिंपरीवाले ओरडू लागले, "अरं तोड की, तोड!" हेच लोक. ह्याच तोंडांनी त्यांनी त्याला सूततोड्या म्हटलं होतं. म्हाळूनं कुणाकडं बघितलं नाही. तो शामियान्याकडं, पाटलाकडं बघत होता.

तालुकदार साहेबांनी भुवई उंचावली. "ये रुका क्यों है?"

पाटील धडपडत मैदानाच्या कडेच्या दोरीपर्यंत आला. "तोड की बे," तो दात खाऊन म्हणाला. "कावून थांबला?"

"कसं तोडू पाटील?" म्हाळू दमलेला होता, पण आवाज सगळ्यांना जाईल असा काढला. "मागं येकदा तोडलंतं तर गाव मेलं. आता अख्खा जिल्हा मारू का?"

कय्युमची पावलं जवळ येत होती. देशमुख हसत होता. तहसीलदार पाटलाकडं असा बघत होता की पाटलाला घाम फुटला. आणि मुंजाजी पाटील, गावाचा मालक, सगळ्या जिल्ह्यासमोर गळा फाडून ओरडला, "अरं भाड्या, नुसता दोरा हाय त्यो! दोऱ्यानं कुनी मरतंय व्हय?"

टेकपिंपरीवाल्यांचा गलका जागच्या जागी बंद पडला.

म्हाळूनं मनात ठरवलं होतं की पाटलाला बोलतं करायचं आणि मग छाती पुढं करायची. तेवढा वेळ होताही. पण ते शब्द कानात पडले आणि पाय जागचे हलले नाहीत. मीच धाडलं असं नाही, पण सुतानं गाव मेलं नाही हे इतक्या वर्षांनी पाटलाच्याच तोंडून ऐकून झालं, आता पाटलाचं तोंड बघायचं होतं. तो बघत राहिला. पाटलाला आपण काय बोललो ते कळत चाललं होतं. मागं बसलेल्या रामहरीकडं त्याला मान वळवता येत नव्हती. म्हाळूला लई बरं वाटलं. खोटं कशाला बोला, पोटभर जेवल्यासारखं बरं वाटलं.

कय्युमचा खांदा घासून गेला आणि सूत तुटलं.

ढोल वाजले, केजवाले नाचले. कय्युम धापा टाकत परत आला आणि म्हाळूसमोर उभा राहिला. "थांबला कावून बे? तूच जिंकलास की."

"ऐकत होतो," म्हाळू म्हणाला.

मग मायची आठवण झाली आणि तो पाय ओढत गावच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर तो खोपटापाशी पोचला. बायनाबाई झिऱ्यातून पाणी उपसत होती. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि घागर खाली ठेवली.

"हरलास."

"हरलो."

"मेल्या, पाय हायेत का लाकडं तुझी? माझं घर घालवलंस." ती मटकन खाली बसली. शिव्याही पुढं सुचेनात, तेव्हा म्हाळूला भीती वाटली. त्यानं खाली बसून सगळं सांगितलं. सुताचं सांगितलं, थट्टेचं सांगितलं. पाटील काय ओरडला तेही सांगितलं.

म्हातारीनं मान वर केली. "काय म्हनला? पुन्ना सांग."

"नुसता दोरा हाय. दोऱ्यानं कुनी मरतंय व्हय."

"समद्यांसमोर?"

"तालुकदारासमोर."

"रामहरी व्हता?"

"व्हता."

बायनाबाई उठली. खोपटात गेली, तवा आणि लुगडं गाठोड्यात बांधलं आणि चालू लागली. म्हाळू काय काय म्हणत होता त्यातलं तिनं काहीही ऐकलं नाही. ओढा ओलांडला, शिवेचा दगड ओलांडला. भरदिवसा, चावडीसमोरून.

चावडीवर पाटील बसला होता, भोवती माणसं होती. आदल्या दिवसापासून तिथं कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

"म्हातारे, थांब तितंच," पाटील म्हणाला. "तुला शीव वलांडायची न्हाई."

"कसली शीव?" बायनाबाईनं पाऊल थांबवलं नाही. "नुसता दोरा व्हता न्हवं त्यो?"

पाटील तावातावानं उठला. तेवढ्यात मागून रामहरी बोलला. हा माणूस कधी मोठ्यानं बोलत नसे. आताही बोलला नाही.

"पाटील, दोऱ्यानं कुनी मरत न्हाई, तर माझी लेकरं कशानं मेली?"

पाटील बसलाही नाही, गेलाही नाही, उभाच राहिला.

रामहरी चावडी उतरला आणि म्हातारीच्या पुढं होऊन मारुतीच्या बोळात शिरला. त्यानं तिच्या घराचं दार उघडलं आणि आतला कडबा पेंढी पेंढी करून बाहेर फेकू लागला. त्याला मदत कुणी केली नाही, आणि अडवलंही कुणी नाही.

म्हाळू अजून ओढ्यापल्याडच उभा होता. धाब्यावरून बायनाबाईचा आवाज आला, साऱ्या गावाला ऐकू जाईल असा.

"म्हाळू, येतूस का हितं, का तितंच कुजतूस?"