एस्तरताईंच्या व्याख्यानाला मी गेले

एस्तरताईंनी आम्हाला राहायला जागा दिली, हे आधी लिहिते. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, हिला जर्मनीत एकही भलं माणूस भेटलं नाही.

कराडच्या स्टँडवर आईने बजावलं होतं, "परक्या मुलखात कुणाच्या तोंडी लागू नकोस." आठवीत शाळा सुटलेली मी, यांच्या मागोमाग स्टुटगार्टला आले. हे इथे हॉटेलात स्वयंपाकी. फोनवर रिकामी असलेली जागा आमचे चेहरे दिसले की भरून जायची. पुण्याच्या एका इंजिनियरनेही खोली नाकारली. त्यांना म्हणे "आपल्यासारखी फॅमिली" हवी होती. एस्तरताईंनी आपल्या घराच्या वरच्या दोन खोल्या दिल्या. म्हणाल्या, "जिन्यात फोडणीचा वास येईल ना? येऊ दे."

त्या हायडेलबर्गला विद्यापीठात शिकवायच्या. वडील घानाचे, आई इथलीच. आफ्रिकेतून जगभर पांगलेले लोक, त्यांची गाणी, त्यांचे संसार, रंगावरून त्यांना मिळालेली वागणूक, हा त्यांचा विषय. नोकरी मात्र नेहमीच ठरावीक मुदतीची. एक करार संपला की दुसरा. शेवटी एक पक्की जागा निघाली. त्यासाठी सगळ्यांसमोर व्याख्यान द्यायचं होतं. ही जागा हुकली की विद्यापीठ सुटलं, कारण मुदतीवरही आता ठेवणार नव्हते. ठरावीक वर्षांपलीकडे मुदतीवर ठेवायचं नाही, असा नियमच.

मग त्या रोज स्वयंपाकघरात माझ्यासमोर व्याख्यान म्हणून बघायच्या. मला अर्धं कळायचं. हांबुर्गच्या बंदरात उतरून तिथंच संसार थाटलेल्या आफ्रिकी खलाशांबद्दल होतं. मी विचारलं, "बायका जर्मन, मग घरी शिजायचं काय?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ताई म्हणाल्या, "तेच तर कुठे लिहिलेलं सापडत नाही."

त्याच सुमारास इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला वृंदावहिनींनी वाण देता देता विचारलं, "त्या काळ्या बाईकडे राहतेस? भीती नाही वाटत?"

"वाटते ना वहिनी. पण त्यांची नाही."

त्यानंतर मला बोलावणं नाही. बरंच झालं.

व्याख्यानाच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले. ताई सुरेख बोलल्या. मग प्रश्न सुरू झाले. एक गृहस्थ म्हणाले, "आपण कुठल्या?"

"स्टुटगार्टची."

"नाही, मूळच्या?"

एका प्राध्यापक बाईंना वाटलं, स्वतःच त्यातल्या असल्यावर तटस्थपणे लिहिता येत नसेल. ताईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही जर्मनांचा इतिहास शिकवता. तुम्ही कुठे उभ्या राहून शिकवता?" मी हात वर केला. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि सभा संपवली.

परतीच्या गाडीत ताई म्हणाल्या, "माझ्या कामाशी भांडले असते तरी चाललं असतं. कामापर्यंत कुणी आलंच नाही."

जागा दुसऱ्याला गेली. ताई आता ब्रेमेनला, एका संग्रहालयात, पुन्हा मुदतीवर.

गावाकडचे फोनवर विचारतात, गोऱ्या लोकांत कसं वाटतं? काय सांगू. आणि इथे आलेले आपलेच लोक मुलीला उन्हात जाऊ देत नाहीत, काळी पडेल म्हणून, आणि जर्मन घरमालकाच्या नावाने बोटं मोडतात. अशांना मी आता आपलं म्हणत नाही. आपलं घर म्हटलं की या दोन खोल्याच डोळ्यांसमोर येतात. पण खालचा ताईंचा मजला बंद असला की त्याही भाड्याच्या वाटतात.

मी संध्याकाळच्या शाळेत नाव घातलंय. वर्गातली पोरं निम्म्या वयाची. पण ताई, त्या खलाशांवरचं तुमचं पुस्तक मी जर्मनमधून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचीन. मग ब्रेमेनला येऊन तुमच्याशी त्यावर कडकडून भांडीन. तुमचे उपकार मी असेच फेडणार आहे.