आठ दिवस नाहीसं व्हायचं

"आठ दिवस कुठंही जा गं, पण तुझं बोचकं माझ्या ओट्यावर नको." असं म्हणून मालकीणबाईंनी माझी गादी पायानं ढकलली. गादी अंगणातल्या मातीत.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. बदलापूरला बेलवलीत माझी भाड्याची खोली. अंबरनाथला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. एकटी. हिनं नवरा सोडला की नवऱ्यानं हिला, हा आळीचा लाडका प्रश्न.

करार अकरा महिन्यांचा. संपला की खोली रिकामी करायची आणि आठ दिवसांनी नवी भाडेकरू होऊन त्याच खोलीत यायचं. सलग राहिलं की भाडेकरू हक्क सांगतो म्हणे. शेजारच्या बिऱ्हाडाचा नुसता कागद बदलायचा. त्यांचं कपाट कधी हललं नाही.

दोनदा मी मुकाट गेले. उल्हासनगरला मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात, पाय मोरीत सोडून झोपले. परतताना मालकीणबाईंना पेढे आणले. माझ्याच खोलीत मला घेतलं म्हणून! खोलीत उग्र वास यायचा. वाटलं, झुरळांचं औषध मारलंय. केवढी शहाणी मी.

ही तिसरी खेप. गादी झटकत होते. माझ्या खोलीतून मालकीणबाईंचा आवाज आला, सुनेला सांगत होत्या, "गोमूत्र कोपऱ्यात नीट शिंपड. तिचा स्टो होता तिथं."

खोली घेताना सांगितलं होतं, मी बौद्ध. "आम्ही असलं काही मानत नाही," म्हणाल्या होत्या.

 गादी उचलली, आत गेले, ओल्या फरशीवर टाकली.

"काकू, सरका. स्टो लावायचाय. चहाची वेळ झाली."

"अगं, करार संपलाय तुझा!"

"शेजारच्यांचाही परवाच संपला. आधी त्यांचं कपाट काढा."

"पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा. सुनेच्या हातातल्या तांब्यात काय होतं, तेही सांगा त्यांना."

सून तांब्या पदराआड लपवू लागली. मी स्टो आत आणून पेटवला. चहा कडू झाला. साखर बाहेरच्या बोचक्यात राहिली होती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि रेशनकार्डाच्या रांगेत उभी राहिले. पत्ता याच खोलीचा.

खोली राहील की जाईल, ठाऊक नव्हतं. मला काढायचं तर कोर्टाचा कागद आणा. खोली द्यायची नसेल तर दारातच तोंडावर नाही म्हणा. पण मी राहिलेली जागा माझ्यामागं कुणाला शुद्ध करू देणार नाही.